खणांचे जुने कपाट आणि मिल्क पेंट

चार खणांचे हे जुने कपाट माझ्याकडे आले तेव्हा त्याच्या माथ्यावर ओल्या पेल्यांची पांढरी वर्तुळे उमटलेली होती, मधले दोन खण अडकत होते आणि कडांवरचे पॉलिश काळवंडून चिकट झाले होते. पण खण बाहेर काढून पाहिले, तर कोपऱ्यांचे सांधे पारव्याच्या शेपटीच्या आकारात हाताने कापलेले होते; त्यांत एकही खिळा नव्हता आणि ते अजून घट्ट होते. असे काम प्लास्टिकसारख्या चकाकणाऱ्या थराखाली झाकून टाकणे मला पटेना. लाकडाचा पोत दिसत राहील असा रंग हवा होता, म्हणून मी मिल्क पेंट निवडला.

या रंगाला बांधून ठेवतो तो दुधातला केसिन हा घटक. गाईच्या दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के भाग केसिनचाच असतो. साय काढलेल्या दुधात आम्ल घातले की तो फाटून वेगळा होतो. त्यात विरवलेला चुना मिसळला की त्याचाच चिकट द्रव बनतो आणि वाळून मुरल्यावर तो सहजासहजी पाण्यात विरघळत नाही. चुना असल्यामुळे रंगद्रव्येही त्यात टिकणारीच लागतात. गेरू, पिवडी, अल्ट्रामरीन यांना चुन्याचा उपद्रव होत नाही. प्रशियन ब्लू मात्र त्यात मोडतो. मला करडी छटा असलेला निळा रंग हवा होता, तेव्हा मी अल्ट्रामरीनवर आधारलेली तयार भुकटी घेतली.

भुकटी आणि कोमट पाणी समप्रमाणात घेऊन ढवळायचे, पंधरा मिनिटे मुरू द्यायचे आणि मलमलच्या फडक्यातून गाळायचे, एवढीच कृती आहे. भुकटी उडते आणि तिच्यात चुना असतो, त्यामुळे नाकातोंडावर मास्क आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. रंगद्रव्य तळाशी बसत असल्याने दर काही मिनिटांनी ढवळावे लागते. कालवलेला रंग एकदोन दिवसांत दुधासारखाच नासतो, म्हणून त्या दिवशी लागेल तेवढाच करावा.

खरे काम मात्र रंगाच्या भांड्यात नसते, ते लाकडाच्या पृष्ठभागावर असते. मिल्क पेंट लाकडात मुरून धरतो. छिद्रे उघडी असतील तर तो इतका घट्ट बसतो की पुढे घासून काढणेही कठीण जाते. छिद्रे पॉलिशने बुजलेली असतील तर वाळताना आकसतो आणि त्याचे पोपडे सुटतात. पृष्ठभाग कसा आहे हे जाणण्याचा सोपा उपाय म्हणजे पाण्याचा थेंब: तो शोषला गेला तर रंग धरेल, मोत्यासारखा उभा राहिला तर धरणार नाही. मी ही परीक्षा दोन्ही बाजूंवर केली आणि माथ्यावर करायची राहिली. बाजूंवर पहिला हात सुरेख बसला. माथ्यावरचा मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी नखाने उचलता येत होता. काही जणांना हे उडालेले, जुनाट रूप आवडते आणि ते मुद्दाम आणले जाते. मला ते या कपाटावर खोटे वाटले. त्याची झीज त्याने स्वतः कमावलेली होती, तिच्यावर आणखी बनावट झीज कशाला? मी माथा खरवडून, घासून पार उघड्या लाकडापर्यंत नेला, ओल्या फडक्याने पुसून तंतू उभे राहू दिले आणि वाळल्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने पुन्हा हलकेच घासला.

खणांच्या दर्शनी फळ्यांनी वेगळीच अडचण उभी केली. त्या लालसर लाकडाच्या होत्या आणि पहिल्या हातातून गुलाबी-तपकिरी डाग वर आले. लाकडातले टॅनिन रंगातल्या पाण्याबरोबर वर येते आणि पुढे कितीही हात दिले तरी येतच राहते. ते अडवायला लाखेचा पातळ थर द्यावा लागतो. पण लाखेने छिद्रे बुजतात आणि मिल्क पेंटला धरायला जागा उरत नाही. या पेचातून वाट एकच होती: लाख वाळल्यावर ती बारीक कागदाने किंचित खरबरीत करायची आणि तिच्यावरच्या पहिल्या हातापुरता रंगात पकड वाढवणारा ॲक्रिलिक द्रव मिसळायचा. त्याने मिल्क पेंटचा शुद्धपणा थोडा कमी होतो, हे मान्य आहे. तरीही डाग आणि पोपडे यांच्यापेक्षा ही तडजोड मला योग्य वाटली, आणि त्या फळ्या आज बाजूंइतक्याच एकसंध दिसतात.

वाळलेला रंग खडूसारखा फिका आणि कोरडा दिसतो. त्यावर जवसाच्या तेलाचा हात फिरवताच निळा गडद होतो आणि ब्रशच्या ओढींमधला बारीक छटाभेद उमलून येतो. या कामातला मला सर्वांत प्रिय क्षण हाच. तेलाची फडकी मात्र कधीही चुरगाळून टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि अशा बोळ्याला आपोआप आग लागू शकते, म्हणून ती बाहेर मोकळ्यावर एकेक पसरून वाळवावीत.

खणांच्या आतल्या बाजूंना आणि सांध्यांना मी रंग लावलाच नाही. ते परत बसवताना प्रत्येकाच्या मागच्या फळीवर पेन्सिलीने लिहिलेला पुसट आकडा दिसला आणि मधले दोन खण का अडकत होते ते उलगडले: कोणी तरी २ आणि ३ यांची अदलाबदल केली होती, आणि सुताराने तर प्रत्येक खण त्याच्या जागेच्या मापाने तासलेला होता. आपापल्या जागी गेल्यावर दोन्ही खण एका बोटाने सरकले. ते आकडे मी पुसले नाहीत.