पाठीच्या पाण्यातली साखर ३३

लॅबमधली नाईट संपत आली होती, चहाला निघणार तेवढ्यात मुलांच्या वॉर्डातून सीएसएफ आलं, म्हणजे पाठीतून काढलेलं पाणी. ११ महिन्यांची मुलगी, सारख्या फिट येतात. मशीनला लावलं तर शुगर ३३, म्हणजे कमी. म्हटलं मेनिंजायटिस असणार, म्हणजे मेंदूच्या आवरणाला जंतूंची लागण, पण पेशी मोजल्या तर फक्त २, प्रोटीन नॉर्मल, पाणी एकदम स्वच्छ. जंतू नाहीत मग साखर खाल्ली कोणी? कंट्रोल लावले, म्हणजे मशीन तपासायचे ठरलेले नमुने, ते बरोबर. परत रन केलं, परत ३३. ट्यूब पण फ्लोराईडचीच, ज्यात साखर टिकते. तरी मी रिपोर्टमधे "सँपल पुन्हा पाठवा" टाईप करून मोकळी झाले होते, खोटं कशाला बोलू.

मॅडम आल्या, बघितलं, म्हणाल्या थांब, रक्तातली किती? ९२. ४ तास उपाशी ठेवून, पाठीत सुई टोचायच्या आधीच घेतलेली, कारण पोर रडलं की शुगर चढते (त्या रेसिडेंटला मानलं, इतकं नीट कोण करतं). पाण्यात रक्ताच्या साधारण ६० टक्के साखर हवी, इथे ३६. मॅडम म्हणाल्या ग्लुट१ कमी असेल.

मला ग्लुट४ माहीत होतं, डायबेटिसमुळे, इन्सुलिनने हलणारं. ग्लुट१ इन्सुलिनला विचारतच नाही, ते रक्तातली साखर मेंदूत वाहून नेणारं प्रोटीन. जीनच्या दोन कॉपीतली एक बिघडली की हमाल निम्मेच, गोदाम भरलेलं पण माल आत जात नाही. डी विवो नावाच्या डॉक्टरांनी १९९१ मधे पहिल्यांदा लिहिलं हे.

वॉर्डात आईला विचारलं तर ती म्हणाली, फिट सकाळी उठल्या उठल्या येतात, पोटात काही गेलं की बरी असते. कोणी विचारलंच नव्हतं तिला! आणि बाहेरून गार्डिनल हे फिटचं औषध चालू होतं, जे ग्लुट१ ला अजूनच अडवतं असं प्रयोगात दिसलंय.

जीनचा रिपोर्ट नंतर आला, तोच निघाला, पण कीटो डाएट (फॅट भरपूर, भात-साखर जवळजवळ बंद) आधीच चालू केलं होतं, कारण फॅटपासून बनणारे कीटोन दुसऱ्याच वाटेने मेंदूत जातात. लोणी, साय, खोबरेल, सगळं ग्रॅमवर मोजून. गोड सिरप बंद, औषध गोळी कुटून.

दोन महिन्यांनी आजी लघवीचं सँपल घेऊन खिडकीवर आली, फिट थांबल्यात म्हणाली, पण भाताशिवाय पोर वाढणार कसं म्हणून माझ्यावरच चिडली, जसं काही डाएट मी लिहिलंय. कीटोनची पट्टी बुडवली, गडद जांभळी, म्हणजे कीटोन भरपूर.