मामा, दोन भाचे आणि गाणारं सभागृह

साओ पावलोत बऱ्याच कार्यक्रमांना एक किलो धान्य नेलं की तिकीट अर्ध्या किमतीत मिळतं. परवा फेजाँवची, म्हणजे इथल्या घेवड्याची, पिशवी दारातल्या खोक्यात टाकली आणि जिल्सन्सना ऐकायला आत गेले. ते धान्य गरजूंकडे जातं. ही पद्धत मला फार आवडते.

जिल्सन्स म्हणजे ब्राझीलचे नामवंत गायक-गीतकार जिल्बेर्तो जिल यांच्या घरातले तिघे. जोझे हा मुलगा, फ्रान्सिस्को आणि जुआंव हे मुलींचे मुलगे. मामा आणि दोन भाचे! मामा असो वा काका, इथे दोघांनाही 'तियू'च; आपल्या भाषेत नातं कसं लगेच उलगडतं.

त्यांचं 'वारियास केशास' हे गाणं मूळ ओलोदुमचं, साल्वादोर शहरातल्या ढोलवाल्यांचं. या तिघांनी २०१९ मध्ये ते गिटारवर आणलं, अगदी मृदू करून. इथल्या वादनात अंगठा खर्जाच्या तारांवर ढोलाची थाप धरतो आणि बाकीची बोटं वर स्वर छेडतात. तो अंगठा नीट ऐकायला म्हणून मी पुढची जागा धरली होती.

पण पहिल्याच ओळीला अख्खं सभागृह गायला लागलं. शेजारचे, मागचे, पाणी विकणारा मुलगासुद्धा. अंगठा राहिला बाजूला, फ्रान्सिस्कोचा आवाजही ऐकू येईना. मला खरंच राग आला. मी पुण्यात सवाईला बसून वाढलेली. तिथे आलापी चालू असताना वेफर्सची पिशवी वाजली तरी चार माना वळतात. समोरचा जीव ओतून गातोय तर आपण गप्प बसावं, हा आदरच आहे. आणि आपल्याला गाता येत नाही असं नाही. आरतीला, वारीत आपणही घसा मोकळा सोडतोच. कधी गायचं आणि कधी ऐकायचं, एवढंच आपण ठरवलेलं असतं.

शेजारी सत्तरीच्या एक बाई होत्या. त्यांनी माझा दंड धरला. "कान्ता, मिन्या फिल्या!" गा, पोरी. मला शब्द येत नसावेत असं त्यांना वाटलं. मग प्रत्येक ओळ यायच्या जरा आधी त्या माझ्या कानाशी शब्द सांगू लागल्या, आई आरतीचं पुढचं कडवं सुचवायची तसं.

शब्द मला पाठ होते. तरी मी त्यांच्या मागून म्हणत गेले.