न दुखणाऱ्या दातानं केलेला घोळ

नववीत कबड्डी खेळताना एकाचं कोपर तोंडावर बसलं आणि वरच्या पुढच्या दाताला मार लागला. दात पडला नाही, म्हणून घरात कुणी मनावर घेतलं नाही. पुढं तो काळपट पडला, एवढंच. २२ वर्षांनी त्याच्यावरची हिरडी फुगली. दुखत काडीचंही नव्हतं, तिथंच मी फसलो. गावच्या डॉक्टरांनी पू झालाय म्हणून दोनदा गोळ्या दिल्या. सूज उतरायची, महिन्यात परत हजर.

शेवटी खानापुराहून बेळगाव गाठलं. डॉक्टरीणबाईंनी बोटानं दाबलं तर हाड अंड्याच्या टरफलासारखं दबलं. एक्स-रे, मग स्कॅन. मेलेल्या दाताच्या मुळाशी पाण्यानं भरलेली पिशवी, सुपारीहून मोठी, हाड झिजवत पार नाकाच्या तळाला भिडलेली. "गोळ्यांनी पू जातो, पिशवीचं अस्तर तसंच राहतंय की," बाई म्हणाल्या.

आधी रूट कॅनल झालं, मग ऑपरेशनची तारीख. संमतीपत्र कन्नड आणि इंग्रजीत. मी कन्नड बोलतो, पण वाचताना अडखळतो. नर्सताईंनी ओळ न ओळ मराठीत सांगितली, मग सही केली.

भुलीची इंजेक्शनं हिरडीत सोसवली, टाळूतल्यानं मात्र डोळ्यांत पाणी आलं. पुढं दुखलं नाही, फक्त ओढल्यासारखं वाटायचं आणि ड्रिलचा आवाज कवटीत घुमायचा. हिरडी उघडून अस्तर सोलून काढलं, मुळाचं टोक कापून तिथं सिमेंट भरलं, टाके घातले. पिशवी बाटलीत घालून तपासणीला गेली. "कॅन्सर आहे काय?" बायकोनं दारातच विचारलं. "काढलेली प्रत्येक पिशवी तपासायलाच पाठवतो," हे उत्तर ऐकूनही रिपोर्ट येईपर्यंत तिला झोप नव्हती. रिपोर्टात साधी सिस्टच निघाली.

ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी ओठ आणि डोळ्याखालचा भाग असा सुजला की शेजारच्या पोरानं ओळखलं नाही. आंबील आणि गार मऊभात. स्ट्रॉ नाही, नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून. नेमकी धुळीची सर्दी झाली होती, ते दोन आठवडे कसे काढले मलाच ठाऊक.

सहा महिन्यांनी एक्स-रे काढला. काळा खड्डा कडेनं पांढुरका होत आलाय. मिशीखाली जरासं बधिर वाटतं अजून; दाढी करताना वस्तरा लागला तरी रक्त दिसल्यावरच कळतं.