लघवीतला ७४

नवव्या वर्षी मला टाइप वन डायबिटीस झाला, आता सव्विसावं चालू आहे. इतकी वर्षं माझा जीव एकाच आकड्यात अडकलेला असायचा, तीन महिन्यांच्या साखरेत, म्हणजे एचबीए१सीमध्ये. मार्चमध्ये तो ८.३ वरून ७.६ वर आला आणि मी खूश होते. डॉक्टर मॅडमनी त्याच रिपोर्टमधल्या दुसऱ्या ओळीला पेनाने गोल केला. लघवीतलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन, एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ७४ मिलिग्रॅम. हवं तीसच्या आत. (क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंड रक्तातून गाळून लघवीत टाकतं तो कचरा.)

आई म्हणाली, "अगं, पण लघवी साफ होते ना तुला?" होते. सूज नाही, दुखत नाही, रक्तातलं क्रिएटिनिनही ०.७, नॉर्मल. बहुतेकदा ते वाढण्याच्या कितीतरी आधी मूत्रपिंडाच्या चाळणीतून प्रथिन गळायला लागतं, हे मला तेव्हा कळलं.

मॅडमनी लगेच गोळी दिली नाही. आधी विचारलं, "आदल्या दिवशी काय केलंस?" रविवारी मी येऊर चढून आले होते आणि सोमवारी सकाळी नौपाड्यात नमुना दिला होता. जोराचा व्यायाम, ताप, लघवीचं इन्फेक्शन, पाळी, यांनी हा आकडा तात्पुरता वाढतो. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन नमुने वाढलेले आले तरच तो खरा धरतात. नमुना घेताना मला यातलं कुणी काही विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं.

मग पाळीचे दिवस टाळून, आदल्या दिवशी व्यायाम न करता, सकाळची पहिली लघवी दिली. मेमध्ये ४६. जुलैमध्ये ४१. त्या संध्याकाळी ठाणे स्टेशनवर वाशीच्या दोन गाड्या मी तशाच सोडल्या.

"आता साखर सुधारलीय, मग हे आत्ताच का?" मी मॅडमना विचारलं. त्यांनी अमेरिका-कॅनडातल्या १,४४१ टाइप वन रुग्णांच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. १९९३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले आणि पुढेही त्या लोकांची तपासणी चालू राहिली. सुरुवातीच्या वर्षांतल्या साखरेचा परिणाम, चांगला असो की वाईट, शरीरात पुढे कितीतरी वर्षं टिकतो. मला नववी-दहावी आठवली. वर्गात कुणी बघू नये म्हणून डब्याआधीचं इन्सुलिन मी कितीदा टाळलं होतं. तेव्हा एचबीए१सी अकराच्या खाली येत नव्हता. आईला हे मी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. ती काही बोलली नाही, फक्त माझा हात धरून बसली.

डोळ्यांत थेंब घालून पडदाही तपासला. बारीक रक्तवाहिन्यांना दोन-चार फुगवटे होते. उपचार नको, वर्षाने पुन्हा दाखवा म्हणाले.

रक्तदाब नॉर्मल असूनही मला रामिप्रिल सुरू झालं, कारण ते मूत्रपिंडाच्या चाळणीवरचा दाब कमी करतं. दोन आठवड्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पाहिलं, दोन्ही ठीक होतं. ही गोळी गरोदरपणात चालत नाही. घरात माझ्यासाठी स्थळं बघतायत, म्हणून मॅडमनी हे आईसमोरच दोनदा सांगितलं. त्याबद्दल मी त्यांची फार ऋणी आहे.

ऑक्टोबरमध्ये २७ आला. आईने तो कालनिर्णयावर लिहिला, माझ्या साखरेच्या आकड्याखाली.