सूनियन: आधी खाण, मग बंदर, शेवटी देऊळ

अथेन्सहून सूनियन या ग्रीसमधल्या भूशिरावर येणारी बहुतेक मंडळी दुपारी निघतात, पोसायडन या समुद्रदेवाच्या देवळापाशी सूर्यास्ताचे फोटो काढतात आणि परत फिरतात. देऊळ देखणं आहेच. पण त्याचा दगड कुठला, पैसा कुठून आला आणि भोवती तटबंदी कशासाठी, हे सगळं तिथून चार-पाच किलोमीटर आत, चांदीच्या जुन्या खाणी असलेल्या आग्रिलेझाच्या दरीत पडलेलं आहे. म्हणून मी हे भूशिर उलट्या क्रमाने पाहतो.

अथेन्सच्या पेदिओन तू आरेओस बागेजवळून केटेल या परगावी जाणाऱ्या बससेवेच्या गाड्या सुटतात. सकाळी आतल्या, मार्कोपुलोमार्गे जाणाऱ्या बसने लाव्रिओ हे गाव गाठायचं. दरीत बस जात नाही. लाव्रिओहून टॅक्सी करावी आणि पुढे पायी उतरत समुद्राकडे यावं. माणशी दोन लिटर पाणी लागतंच, कारण वाटेत सावली जवळजवळ नाही. पायांत पूर्ण पँट हवी. इथली झुडपं गुडघ्याएवढी, गोलसर आणि काटेरी असतात. थाइमचा वास छान येतो, पण पोटऱ्या सोलून निघतात. पाऊस तिकडे हिवाळ्यात पडतो, त्यामुळे एप्रिल-मे हा फुलांचा काळ. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी हा उत्तरेचा वारा दुपारी इतका जोर धरतो की कड्यावर टोपी टिकत नाही. शिवाय वणव्याचा धोका जास्त असेल त्या दिवशी रानात जायला बंदी असते. आदल्या संध्याकाळी जाहीर होणारा धोक्याचा नकाशा पाहूनच बेत पक्का करावा.

दरीत सगळ्यात आधी पाहायचं ते खनिज धुण्याचं ठिकाण. वरच्या अंगाला पाण्याची टाकी, तिच्या भिंतीत ओळीने लहान भोकं आणि त्यांच्यासमोर किंचित उतरता ओटा. कुटून-दळून बारीक केलेलं खनिज पाण्याच्या धारेखाली धरलं की सुपात पाखडल्यासारखं काम होई: जड, चांदीमिश्रित शिसं मागे राही, हलकी रेती वाहून जाई. ते पाणी ओट्याभोवती फिरवलेल्या पन्हळींतून आणि गाळ बसवायच्या खड्ड्यांतून जाई आणि पुन्हा टाकीत भरलं जाई. या कोरड्या मुलखात बारमाही नदी नाही. पावसाचं साठवलेलं पाणी वाया घालवून चालणारच नव्हतं. खड्ड्यांच्या कडेचा गिलावा जवळून पाहा. इतका गुळगुळीत आणि घट्ट आहे की आजही जागोजागी टिकून आहे. पुढे भट्टीत शिशाचं भस्म करून चांदी वेगळी काढत.

इ.स.पू. ४८३ च्या सुमारास इथे चांदीची मोठी शीर लागली. तो पैसा नागरिकांत वाटून न टाकता जहाजं बांधा, असं थेमिस्टोक्लीस या पुढाऱ्याने अथेन्सकरांना पटवलं आणि ४८० मध्ये सालामिसच्या सागरी लढाईत त्याच आरमाराने इराण्यांना हरवलं. हे वैभव गुलामांच्या जिवावर उभं होतं, हे विसरता कामा नये. निकियास या एकाच अथेन्सकराचे हजार गुलाम खाणींत भाड्याने दिलेले होते, माणशी रोज एक ओबोल (छोटं नाणं) दराने. इ.स.पू. १०० च्या आसपास खाणीतल्या गुलामांनी उठाव करून सूनियनचा किल्लाच ताब्यात घेतला होता.

वाट सोडून भटकू नका. जुन्या खाणींची उभी तोंडं झुडपांत दडलेली आहेत, काही शंभर मीटरहून खोल. मातीत शिसं आणि आर्सेनिक आहे, म्हणून हात धुतल्याशिवाय खाऊ नये. खडे तर उचलूच नयेत.

याच दरीत संगमरवराची खाण आहे आणि खडकात खांबांचे गोल तुकडे कापून काढल्याच्या खुणा दिसतात. हा दगड पांढरा, करड्या रेघांचा. अथेन्सजवळच्या पेंटेली डोंगराच्या संगमरवरात लोह असल्याने अथेन्सचं पार्थेनॉन हे देऊळ मधाच्या रंगावर गेलं. यात ते नसल्याने सूनियनचं देऊळ पांढरंच राहिलं.

खाली खाडीच्या काठाशी खडकात कोरलेल्या उतरंडी आहेत. त्यांवरून जहाजं ओढून निवाऱ्यात ठेवत. स्पार्टाशी युद्ध चालू असताना इ.स.पू. ४१३-४१२ मध्ये अथेन्सने या टोकाला तट घातला, तो धान्याच्या गलबतांच्या रक्षणासाठी. पायथ्याशी उभं राहिलं की जागेची निवड लगेच पटते: अथेन्सकडे वळणारं प्रत्येक जहाज इथून दिसणारच.

ईशान्येच्या बुटक्या टेकडीवर अथेना देवीच्या देवळाचा फक्त पाया उरला आहे. त्याला पूर्वेला आणि दक्षिणेलाच खांब होते, आणि त्यांतले काही रोमन काळात उचलून अथेन्सच्या अगोरामध्ये, म्हणजे जुन्या बाजारचौकात, नेले. लोक इथे थांबत नाहीत. मी मात्र थांबायला सांगेन, कारण चुकार जातीचे तितर इथे हमखास हिंडताना दिसतात.

पोसायडनच्या देवळाशी सूर्यास्ताच्या निदान दोन तास आधी पोचा. सूर्य बुडाला की पहारेकरी बाहेर काढतात. इ.स.पू. ४४० च्या सुमाराचं हे देऊळ समुद्रापासून सुमारे ६० मीटर उंचीवर आहे. मूळ खांब ३४, उंची ६.१० मीटर, आज निम्म्याहून कमी उभे आहेत. खांबावर कोरलेल्या उभ्या पन्हळी मोजून पाहा. डोरिक या ग्रीक शैलीच्या खांबाला नेहमी २० असतात, इथे १६ आहेत. कमी पन्हळी म्हणजे कमी धारदार कडा, आणि खारा वारा आधी कडाच खातो. कारण हेच असावं असं मानतात. इंग्रज कवी बायरनचं कोरलेलं नाव एका चौकोनी खांबावर आहे, पण दोरीच्या आत जाता येत नाही, तेव्हा दुर्बीण सोबत असू द्या. पूर्वेला लांबट, उजाड बेट दिसतं ते माक्रोनिसोस. १९४७ नंतर, यादवी युद्धाच्या काळात, तिथे राजकीय कैद्यांच्या छावण्या होत्या.

देवळाच्या पट्टीवरची शिल्पं इथे नाहीत. ती लाव्रिओच्या संग्रहालयात आहेत, म्हणून सकाळीच, सुट्टीचा वार तपासून, तिथे डोकवावं. १९०६ मध्ये इथल्या खड्ड्यात सापडलेला ३.०५ मीटर उंचीचा कूरोस (उभ्या तरुणाचा पुतळा) अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. त्यासाठी दुसरा दिवस ठेवा. परतीच्या शेवटच्या बसची वेळ मोसमाप्रमाणे बदलते. ती सकाळीच विचारून ठेवावी, कारण अंधार पडल्यावर भूशिरावर टॅक्सी मिळेलच याची खात्री नसते.