जिभेचे बळ

आज ८२ वर्षांच्या आईला म्हापशाला वाचा-उपचारतज्ज्ञांकडे नेले होते, कारण हल्ली उकड्या तांदळाची पेज पितानाही तिला ठसका लागतो आणि शिते गालात अडकून राहतात. तिथे तिने जीभ टाळूकडे रेटून एक इवलासा फुगा चेपला (तो मीच तिच्या तोंडात कोंबल्यासारखी माझ्याकडे बघत!) आणि दाब २४ किलोपास्कल भरला, जपानमध्ये ३० च्या खालचा दाब कमी समजतात. वयानुसार जिभेचे स्नायू बारीक होऊन त्यांचा कमाल जोर घटतो, मात्र रोजच्या गिळण्याला लागणारा दाब बराचसा टिकतो, म्हणजे आटते ती गाठीची शिल्लक, आणि मग साध्या आजारपणातही गिळणे बिघडू शकते. व्यायाम दिला आहे, तोही जीभ टाळूला दाबण्याचाच. रात्री हुमण-भात जेवताना आई मध्येच थांबून गुपचूप तो करत होती.