बिनआवतणाचा स्फटिक

इथल्या सरकारी संशोधन केंद्राला इंदूरचे रिक्षावाले अजून ‘कॅट’च म्हणतात, म्हणजे जुनं ‘सेंटर फॉर ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी’. ‘राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र’ हे नाव २००५ मध्ये पडलं, पण रस्ता कॅट रोडच राहिला. मी लोकमान्य नगरात वाढले. त्या कुंपणाआड नक्की काय चालतं हे गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं, ‘लेझरचं काहीतरी’ एवढंच. प्रथिनांचे स्फटिक घेऊन मी कधी त्याच फाटकातून आत जाईन, हे तेव्हा सांगितलं असतं तर बाबा हसले असते.

प्रथिनाचा आकार शोधणं हा माझा धंदा. त्यासाठी प्रथिनाचा स्फटिक करायचा, त्यावर क्ष-किरण टाकायचे आणि उमटलेल्या ठिपक्यांवरून आकार बांधायचा. वडोदऱ्याची मावशी दर लग्नात विचारते, “काय गं, त्या वेंकीसारखं तुझं कधी?” वेंकटरमण रामकृष्णन १९७१ साली तिथल्याच सयाजीराव विद्यापीठातून फिजिक्सचे बी.एस्सी. झाले, त्यांचे आईवडीलही तिथंच बायोकेमिस्ट्रीत होते. म्हणून मावशीला ते शेजारचेच वाटतात. त्यांचं काम रायबोझोमवर, म्हणजे पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावर. त्याचे पहिले स्फटिक १९८० च्या सुमारास जमले, रचना कळायला २००० साल उजाडलं आणि नोबेल मिळालं २००९ मध्ये. पण हे तिला सांगून काय उपयोग! तिला जिलबी वाढायची असते.

तर, त्या रात्रीचं सांगते. सोबत माझी विद्यार्थिनी होती, पीएच.डी.चं चौथं वर्ष. आमचं प्रथिन जिवाणूच्या पटलात, म्हणजे पेशीच्या पातळ आवरणात, रुतून बसणारं. असली प्रथिनं साबणासारख्या द्रावणात धरून ठेवावी लागतात, नाहीतर गोळा होऊन तळाशी बसतात. चौदा महिने स्फटिकच येत नव्हता. मग एका थेंबात आले: चपटे, कडा नीट कापल्यासारख्या, दीड दशांश मिलिमीटरचे. ते नायलॉनच्या फाशात उचलून द्रव नायट्रोजनमध्ये गोठवले, आणि ड्यूअर, म्हणजे त्या नायट्रोजनचा थर्मास, मांडीशी धरून आम्ही इंदूर गाठलं.

इंडस-२ म्हणजे १७२.५ मीटर परिघाचं कडं. त्यात २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टचे इलेक्ट्रॉन फिरतात, चुंबकापाशी वळतात, आणि वळताना क्ष-किरण सोडतात. ते किरण प्रयोगापर्यंत आणणारी वाट म्हणजे बीमलाइन. आमची एकविसावी, प्रथिनांसाठीच बांधलेली. हचमध्ये, म्हणजे किरणांच्या बंद खोलीत, स्फटिक बसवायचा, त्यावर १०० केल्विनच्या नायट्रोजनचा झोत, मग बाहेर येऊन दार लावायचं, भोंगा वाजतो, शटर उघडतं.

रात्री दीडच्या सुमारास पहिलं चित्र आलं. पडद्यावर ठिपकेच ठिपके, इतके दाट की एकमेकांना चिकटतील असं वाटावं. मिठाचा स्फटिक असेल तर ठिपके मोजकेच येतात, लांब लांब. स्फटिक म्हणजे एकसारख्या पेट्यांची रचलेली थप्पी. दाट ठिपके म्हणजे मोठी पेटी, म्हणजे नक्की प्रथिन. विद्यार्थिनीनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. कडेचे ठिपके साडेतीन ऑंगस्ट्रॉमपर्यंत जात होते, म्हणजे तितका बारकावा दिसणार होता; आकडा जितका लहान तितकं चित्र स्पष्ट. ऑंगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. पटलातल्या प्रथिनासाठी ही काही लाजायची गोष्ट नव्हे.

पहाटे चारपर्यंत सगळी चित्रं गोळा झाली. आता खरी अडचण. ठिपका किती ठळक ते चित्रात दिसतं, पण लहरींचा टप्पा त्यात उमटत नाही, आणि त्याशिवाय आकार बांधता येत नाही. म्हणून सारख्या आकाराचा साचा उसना घेऊन सुरुवात करतात. आम्ही अल्फाफोल्डनं, म्हणजे प्रथिनाच्या आकाराचा अंदाज बांधणाऱ्या एआय प्रोग्रामनं, सुचवलेला साचा घेतला. (“आता सगळं कॉम्प्युटरच करतो ना?” हा प्रश्न मी २०२१ पासून रोज ऐकते. करतो, बरंच करतो. त्या रात्री मात्र नाही केलं.) संगणकानं तास खाल्ला आणि काहीच जुळलं नाही. साच्याचे तुकडे केले, पुन्हा लावले. नाही. माझ्या पोटात खड्डा पडला, पण चेहरा मी शिक्षिकेचाच ठेवला.

विद्यार्थिनी म्हणाली, “मॅम, पेटीची मापं एकदा डेटाबँकेत टाकून बघू?” तिथं आजवर सुटलेल्या सगळ्या रचना नोंदलेल्या असतात. मापं होती १४५, १४५ आणि ५१३ ऑंगस्ट्रॉम. उत्तर दोन सेकंदांत आलं. एकाखाली एक, ओळीनं एकच नाव: एसीआरबी.

एसीआरबी हा ई. कोलाय या जिवाणूचा स्वतःचा पंप, तोही प्रथिनच. पेशीत शिरलेली औषधं बाहेर फेकतो. तीन-तीनची जुडी करून पटलात उभा असतो. जपानी गटानं २००२ साली त्याची रचना काढली आहे. आम्ही आमचं प्रथिन वाढवलं ई. कोलायमध्येच, आणि ते वेगळं करायला त्याला सहा हिस्टिडिनांची (हे प्रथिनातलं एक अमिनो आम्ल, निकेलला चिकटणारं) शेपटी जोडून निकेल भरलेल्या नळीत, म्हणजे स्तंभावर, अडकवलं. या पंपाच्या टोकालाही हिस्टिडिनं असतात, त्यामुळे तोही निकेलला चिकटून बसतो. चिमूटभर असला तरी पुरतो, कारण स्फटिक व्हायला तो एका पायावर तयार असतो. पंगतीत आवतण नसताना बसलेला आणि मठ्ठा संपेपर्यंत न उठलेला तो हाच. आमचं प्रथिन त्याच थेंबात शांतपणे विरघळलेलं पडलं होतं.

असं पुष्कळ प्रयोगशाळांत झालेलं आहे, मी वाचलेलंही होतं. वाचलेलं असूनही झालं, हेच झोंबलं. स्तंभ हलका धुवायचा निर्णय माझा, हाती आलेला माल कमी होऊ नये म्हणून. आणि आठ महिन्यांपूर्वी हीच पोरगी जेल घेऊन माझ्या टेबलाशी आली होती; त्यात प्रथिनं वजनानुसार वेगळ्या पट्ट्यांत दिसतात. मुख्य पट्ट्याच्या वर, शंभर-एकशेदहा किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं माप) आसपास, एक फिकट रेघ होती. “मॅम, ही काय असेल?” मी चष्मा न चढवताच म्हणाले होते, “कूमासीचा डाग आहे गं. नीट धुतलं नाहीस.” कूमासी म्हणजे पट्टे दिसावेत म्हणून लावायचा निळा रंग.

आमच्या धंद्यात डाग आणि पट्टा यांतला फरक बीएस्सीच्या पोरांना शिकवतात.

सकाळी सहाला ड्यूअर झाकला. उरलेले फासे तसेच ठेवले. सगळ्यांत एकच पाहुणा असणार हे उघड होतं. रिक्षात आम्ही दोघीही गप्प. घरी आईनं दोघींसमोर पोहे ठेवले, वर शेव, वर जीरावण. बाबांनी पेपरातून मान काढली. “झालं का काम?”

“झालं,” मी म्हटलं, “पण दुसऱ्याचंच.”

ते पुन्हा पेपरात गेले. चाळीस वर्षं कापड मिलमध्ये काढलेला माणूस, दुसऱ्याच्या मालाचं त्यांना नवल नाही.

मग मी तिला जेलबद्दल बोलले. काय बोलायचं ते वाटेत घोकलं होतं, पण तोंडातून सुटलं एवढंच: “तू विचारलं होतंस. मी बघितलं नाही.” ती पोह्यांतली शेव चमच्यानं बाजूला करत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, “त्या जेलचा फोटो आहे माझ्याकडे, मॅम. फोनमध्ये.”

“पाठव,” मी म्हटलं. “आणि तो पंपच काढून टाकलेली ई. कोलायची जात मिळते, आज तिची ऑर्डर टाकू.”

“मी चार महिन्यांपूर्वीच टाकलीय,” ती म्हणाली. “फ्रीझरमध्ये आहे. तुम्हाला विचारायचं राहिलं.”

आईनं तिच्या ताटलीत आणखी पोहे घातले.